क्लब कोणाचा? कलकत्त्याच्या फुटबॉलप्रेक्षकांचा इतिहास

29 जुलै 1911, शनिवार. दुपारपासूनच कलकत्त्याच्या मैदानाकडे माणसांची रीघ लागली होती. ईस्ट इंडियन रेल्वेने खास गाडी सोडली होती; हुगळीच्या पात्रातून जादा बोटी येत होत्या. आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान हा एतद्देशीय संघ ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या लष्करी संघाशी खेळणार होता. त्या काळच्या वृत्तांतांत जमावाचा अंदाज 80,000 ते 1,00,000 असा आढळतो. एवढ्या लोकांना सामावणाऱ्या पायऱ्या तेथे नव्हत्या, त्यामुळे बहुतेकांना खेळ दिसणे शक्यच नव्हते. गोल झाला की आकाशात पतंग चढवून त्याची वर्दी दिली जाई आणि हजारो माणसे मान वर करून त्या पतंगावरून सामन्याचा अंदाज बांधत. रेजिमेंटने पहिला गोल केला. मग शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि सामना संपता संपता अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते.

भारतातील फुटबॉलप्रेक्षकांचा इतिहास सांगताना या दिवसापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यही आहे. मात्र त्या दिवशी जमलेला समुदाय आजच्या अर्थाने एका क्लबचा ‘समर्थक’ नव्हता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. 1905 च्या फाळणीने बंगाल दुखावला होता. राज्यकर्त्यांनी बंगाली माणसावर दुर्बलतेचा शिक्का मारला होता. तो पुसला जाताना पाहण्यासाठी हे लोक आले होते. मुसलमान समाजातूनही या विजयाचे स्वागत झाले. मोहन बागानची स्थापना 1889 सालची. पण 29 जुलैच्या संध्याकाळी तो क्लब त्याच्या सभासदांपुरता उरला नाही. क्लब नेमका कोणाचा, हा प्रश्न त्या संध्याकाळी जन्माला आला, आणि पुढील शंभराहून अधिक वर्षे प्रत्येक पिढीने त्याचे वेगळे उत्तर दिले.

राष्ट्र म्हणून एकवटलेली ही निष्ठा लवकरच विभागली. 1920 च्या जुलैमध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बसू या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले. त्या अपमानाने क्षुब्ध होऊन सुरेशचंद्र चौधुरी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला. लीगमध्ये 1925 साली हे दोन संघ प्रथमच समोरासमोर आले, आणि ईस्ट बंगालने एका गोलने विजय मिळवला. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’ आणि पद्मेपलीकडून आलेले ते ‘बांगाल’, ही जुनी थट्टेची नावे आता मैदानावरील दोन पक्षांची नावे झाली. हिरव्या-किरमिजी रंगाचा मोहन बागान घोटींचा, लाल-सोनेरी रंगाचा ईस्ट बंगाल बांगालांचा.

याच काळात तिसरी निष्ठाही प्रबळ झाली. 1891 साली स्थापन झालेल्या मोहमेडन स्पोर्टिंगने 1934 मध्ये कलकत्ता लीग जिंकली. ती जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे हे विजेतेपद त्याच्याकडे राहिले, आणि 1940 मध्ये दिल्लीत ड्युरंड चषक जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच ठरला. देशभरातील मुसलमानांना या काळ्या-पांढऱ्या पोशाखात आपला अभिमान दिसू लागला. गोऱ्या पलटणींना हरवण्याचा जो आनंद 1911 साली सर्वांचा होता, तो दोन तपांनंतर समाजासमाजांत वाटला गेला होता. देशाच्या राजकारणात जे घडत होते, त्याचेच हे मैदानावरील रूप होते.

1947 च्या फाळणीने या निष्ठांना नवा आणि अधिक वेदनामय अर्थ दिला. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित कलकत्त्यात आले. घर, शेत, नदी, गाव सारे मागे राहिले होते. शहराच्या कडेला वसलेल्या वसाहतींत राहणाऱ्या या माणसांना परक्या शहरात आपल्या प्रदेशाचे नाव अभिमानाने उच्चारता येईल अशी जागा म्हणजे ईस्ट बंगालचा सामना. नकाशावरून पुसला गेलेला प्रदेश आठवड्यातून एकदा नव्वद मिनिटे पुन्हा अस्तित्वात येई. (त्या काळी लीगचे सामने याहून कमी वेळाचेही असत, पण समर्थकांची संध्याकाळ पुरी नव्वद मिनिटांहून लांब असे.) विजयाच्या रात्री त्यांच्या घरी इलिश मासा शिजे, मोहन बागान जिंकला की घोटींच्या घरी कोळंबी. कोणत्या संघाचा जय झाला हे बाजारातील मासळीच्या भावावरून कळते, अशी म्हणच पडली.

या निष्ठेचे वैशिष्ट्य असे की खेळाडू कोठला, याची तिला फारशी फिकीर नव्हती. ईस्ट बंगालच्या सुवर्णकाळातील ‘पंचपांडव’ म्हणजे अहमद खान, आप्पा राव, सालेह, व्यंकटेश आणि धनराज. हे पाचही दक्षिण भारतातले. 1949 साली या संघाने लीग, शील्ड आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक असे तिन्ही मान मिळवले, तेव्हा निर्वासित वसाहतींनी या परप्रांतीयांना आपले पुत्र मानले. मोहन बागानने मात्र 1991 पर्यंत परदेशी खेळाडू घेतला नाही. त्या वर्षी नायजेरियाचा चिमा ओकोरी आला आणि तो संकेतही संपला.

सामन्याच्या दिवसाचे त्या काळचे रूप आज कल्पनेनेच पाहावे लागते. मैदानाची सारी भूमी लष्कराच्या ताब्यात असल्याने तेथे पक्के बांधकाम होऊ शकले नाही. क्लबांची कार्यालये तंबूत, प्रेक्षकांच्या पायऱ्या लाकडी. तिकिटासाठी लोक पहाटेपासून, कधी आदल्या रात्रीपासून रांगेत उभे राहत; रांग मोडली की घोडेस्वार पोलीस पुढे येत. ज्यांना तिकीट मिळत नसे ते बाजूच्या उंचवट्यावरून, झाडावरून, पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवून केलेल्या दुर्बिणीतून खेळ पाहत. पावसाळा हाच हंगाम असल्याने चिखल, छत्री आणि ओले कपडे हे सामन्याचे अंगच होते. जे घरी असत ते आकाशवाणीवर अजय बसूंचे बंगाली धावते वर्णन ऐकत. सामना संपल्यावर ट्राममध्ये वाद सुरू होई आणि तो पाड्यातील कट्ट्यावर मध्यरात्रीपर्यंत चाले. ही निष्ठा वारशाने येई, ‘तुम्ही कोणते?’ या प्रश्नाला आजोबांचे गाव हेच उत्तर असे. मराठी वाचकाला याचे नाते कोल्हापूरशी जोडता येईल. तेथेही शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम मंडळांची गाठ पडते, तेव्हा मैदानात दोन संघ उतरत असले तरी बाहेर तालमी आणि पेठाच आमनेसामने आलेल्या असतात.

परंतु वारशाने आलेली निष्ठा आंधळीही होऊ शकते. 1970 ते 1975 अशी सलग सहा वर्षे ईस्ट बंगालने लीग जिंकली. 30 सप्टेंबर 1975 रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात त्याने मोहन बागानला पाच विरुद्ध शून्य असे हरवले. त्या रात्री मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली. पुढल्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन या पराभवाचा बदला घेईन, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. ही गोष्ट कलकत्त्यात आजही सांगितली जाते, आणि कित्येकदा ती निष्ठेचा कळस म्हणून सांगितली जाते. एका तरुणाचा जीव गेला, त्याचे घर उजाडले, हे त्या कौतुकात मागे पडते.

इशारा मिळाला होता. पण तो कोणी ऐकला नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा लीगचा सामना होता. खेळाडूंमधील धसमुसळेपणाची ठिणगी प्रेक्षकांत पडली, मारामारी उसळली, लोक जीव वाचवण्यासाठी धावू लागले आणि त्या गर्दीत 16 प्रेक्षक मृत्युमुखी पडले. सकाळी घरून निघालेली माणसे संध्याकाळी परतली नाहीत. ती दोन्ही पक्षांतली होती, आणि त्यांच्या घरचा शोक मात्र एकच होता. या दुःखावर मन्ना डे यांनी गायलेले गीत बंगालमध्ये घरोघरी पोहोचले. तेव्हापासून 16 ऑगस्ट हा ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर भरते. ज्या शहराने खेळापायी रक्त सांडलेले पाहिले, त्याने स्मरणासाठी रक्तदानाची रीत निवडावी, यात मोठे शहाणपण आहे.

1984 मध्ये शहराच्या पूर्वेस सॉल्ट लेक येथे भव्य स्टेडियम उभे राहिले. मोठ्या सामन्यांचे केंद्र हळूहळू मैदानावरून तेथे हलले. ट्राममधून उतरून पायी जाण्याचा खेळ आता बस आणि मालमोटारींतून झेंडे फडकवत जाण्याचा झाला. 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला येथे 1,31,781 प्रेक्षक उपस्थित होते. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ व्यूहाची शहरभर चर्चा होती. प्रदीपकुमार बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने चार विरुद्ध एक असा विजय मिळवला आणि सिक्कीमच्या बायचुंग भुतियाने तीन गोल केले. विजयाच्या आनंदात वर्तमानपत्रांच्या सुरळ्या पेटवून पायऱ्यांवर मशाली नाचवण्याची त्या काळची रीत होती. एवढा समुदाय भारतातील फुटबॉलने पुन्हा पाहिला नाही.

कारण तोवर घराघरात दूरचित्रवाणी आली होती. परदेशी लीगचे सामने दर आठवड्याला दिसू लागले, आणि बांगालाचा नातू इंग्लंडमधील क्लबचा सदरा घालू लागला. क्लबांच्या नावांपुढे 1998 पासून प्रायोजकांची नावे लागली. 1996 मध्ये राष्ट्रीय लीग, 2007 मध्ये आय-लीग आणि 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. स्टेडियमही बदलले. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी त्याचे नूतनीकरण झाले, पायऱ्यांच्या जागी खुर्च्या आल्या आणि क्षमता बरीच घटली. मात्र सुरक्षितता वाढली. आता स्त्रिया आणि मुलेही कुटुंबासह सामन्याला दिसतात. संघटित समर्थक-गट आठवडे खपून प्रचंड चित्रफलक रंगवतात. जुने लोक म्हणतात की पूर्वीची धग उरली नाही. ते खरेही असेल; परंतु त्या धगीत 1980 चा धूरही होता, हे विसरता येत नाही.

निष्ठा ओसरली नव्हती, याचा पुरावा 2020 नंतर मिळाला. त्या वर्षी मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या नव्या क्लबशी एकत्र झाला. हिरवा-किरमिजी रंग आणि नौकेचे चिन्ह टिकले, पण नावापुढे दुसऱ्या क्लबचे नाव आले. समर्थकांनी ते नाव हटवण्यासाठी तीन वर्षे चळवळ केली. ईस्ट बंगालच्या समर्थकांनीही 2021 मध्ये गुंतवणूकदाराशी करार रखडल्याने आपल्याच क्लबच्या दारात निदर्शने केली आणि लाठ्या खाल्ल्या. याच काळात महामारीमुळे सुपर लीगमधील या दोन संघांची पहिली गाठ 27 नोव्हेंबर 2020 रोजी गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर, एकाही प्रेक्षकाविना झाली. गोल झाले, शिट्टी वाजली, निकाल लागला. पण 1911 च्या पतंगांपासून चालत आलेले जे काही होते ते त्या रिकाम्या मैदानावर नव्हते. पुढे 18 मार्च 2023 रोजी गोव्यातच, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, संघाने लीगचे अजिंक्यपद पटकावले, आणि त्याच रात्री मालकांनी वादग्रस्त नाव काढून टाकत असल्याचे जाहीर केले. समभागांच्या कागदावर समर्थकांचे नाव कोठेही नव्हते. तरीही क्लबचे नाव त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बदलले.

या इतिहासातील अगदी अलीकडचा दिवस सर्वांत बोलका आहे. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातील एका सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. शहर संतापले होते. 18 ऑगस्टला ड्युरंड चषकात होणारा मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाला. तरीही त्या संध्याकाळी समर्थक स्टेडियमबाहेर जमले. हिरवे-किरमिजी आणि लाल-सोनेरी झेंडे शेजारी शेजारी होते, मोहमेडनचे समर्थकही बरोबर होते, आणि सर्वांची मागणी एकच होती: न्याय. पोलिसांनी लाठ्या उगारल्या तरी ते पांगले नाहीत. मोहन बागानच्या समर्थकाने ईस्ट बंगालच्या समर्थकाला खांद्यावर उचलून घेतल्याचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. ईडन गार्डन्सवरील त्या काळ्या दिवसाला दोनच दिवसांपूर्वी 44 वर्षे झाली होती.

राष्ट्र, समाज, गमावलेले गाव, आजोबांचा वारसा, क्लबचे नाव असे या निष्ठेचे आधार बदलत गेले. जी कारणे घेऊन ती जन्मली, त्यांतील बहुतेक आज उरलेली नाहीत. घोटी-बांगाल विवाह आता नित्याचे झाले आहेत आणि इलिश दोन्ही घरांत शिजतो. तरी निष्ठा टिकली. कारण एखादी संस्था तिच्या इमारतीपेक्षा, नोंदणीच्या कागदांपेक्षा आणि तिच्या चालकांपेक्षाही तिच्यात ज्यांचे बालपण गुंतले आहे त्यांची अधिक असते. ज्या शाळेच्या घंटेचा नाद साठ वर्षांनंतरही कानांत आहे, तिच्या माजी विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या झेंड्यावर प्रेम करताना समोरच्या झेंड्याखालीही आपल्यासारखीच माणसे उभी आहेत, एवढे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते. कलकत्त्याने ते फार मोठी किंमत देऊन शिकले.