जुन्या जाहिरातींची साक्ष

जाहिरात अतिशयोक्ति करिते हें कळण्यास इतिहासाचा व्यासंग लागत नाहीं. बाजारांत एकदां फसलेला कोणताहि गृहस्थ तें सांगूं शकेल. परंतु ती कोणत्या ठिकाणीं वाढवून सांगते, कोणत्या ठिकाणीं निव्वळ चुकते, आणि कोणत्या ठिकाणीं स्वतःच्या नकळत खरें बोलून जाते, हें ओळखणें निराळें काम आहे. आपल्याकडील चित्रपटांच्या अभ्यासकांवर हें काम करण्याची पाळी नेहमीं येते. मूकपटांच्या काळांत हिंदुस्थानांत तेराशेंच्या सुमारास चित्रपट निघाले. त्यांपैकीं आज पाहावयास मिळतात ते फारच थोडे, आणि तेहि बहुतेक तुटक. चित्रपट गेले, जाहिराती राहिल्या. घराचा मालक परागंदा झाला म्हणजे त्या घराची हकीकत शेजाऱ्यालाच विचारावी लागते. मग तो शेजारी कितीहि बाताड्या असो.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. पुढें तो सुरतेस गेला, तेव्हांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. तेथील लोकांना दोन आण्यांत सहा तासांचें नाटक पाहण्याची संवय. दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार, अशी थिएटरवाल्याची तक्रार. त्यावर फाळक्यांनीं जाहिरात केली ती अशा अर्थाची कीं, हा ५७,००० छायाचित्रांचा खेळ आहे, हें चित्र दोन मैल लांब आहे, आणि हें सर्व अवघ्या तीन आण्यांत.

हीं विधानें आम्ही वर्गांत फळ्यावर लिहितों आणि विद्यार्थ्यांस हिशेब करावयास सांगतों. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. ५७,००० ला १६ नें भागिलें असतां सुमारें ३,५६० फूट येतात; आणि दोन मैलांचे फूट होतात १०,५६०. म्हणजे एकाच जाहिरातींतील दोन आंकडे एकमेकांचे तोंड पाहावयास तयार नाहींत! चित्रांची संख्या खरी धरावी तर लांबी पाऊण मैलहि भरत नाहीं. या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट सांगण्यांत येते. त्या मानानें चित्रें ५९,२०० होतात. तेव्हां चित्रांचा आंकडा हिशेबाला धरून आहे, आणि मैलांचा आंकडा बाजाराला धरून आहे, असेंच म्हणावें लागतें. पण ही चूक निरुपयोगी नव्हे. त्या वेळचा प्रेक्षक करमणूक तासांनीं मोजून घेत असे, आणि विक्रेत्यास याच मोजमापाची भीति वाटत होती, हें त्या मैलांनीं जितकें स्पष्ट सांगितलें आहे तितकें खऱ्या लांबीनें कधींहि सांगितलें नसतें.

दुसरें उदाहरण याच चित्रगृहाचें आणि एक वर्ष आधींचें. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजीं कॉरोनेशनमध्यें दाखविण्यांत आला. आठवड्याभरानें वर्तमानपत्रांत जाहिरात आली कीं, मुंबईच्या जवळजवळ अर्ध्या हिंदु वस्तीनें हा खेळ पाहिला असून उरलेल्या अर्ध्यानें तो आतां पाहावा. १९११ च्या शिरगणतींत मुंबईची लोकसंख्या पावणेदहा लाखांच्या घरांत होती. चित्रगृहांत हजार माणसें बसत होतीं असें उदारपणें धरलें, आणि रोज दोन खेळ सात दिवस तुडुंब भरले असें मानलें, तरी प्रेक्षक होतात चौदा हजार. अर्धी हिंदु वस्ती कोठें आणि चौदा हजार कोठें!

तथापि म्हणून ही जाहिरात टाकाऊ ठरते काय? पहिला भारतीय चित्रपट कोणता, हा वाद २०१३ सालीं शताब्दीच्या निमित्तानें पुन्हा उफाळला, तेव्हां एका पक्षानें अशा जाहिरातींवर सर्व भार टाकला आणि दुसऱ्यानें त्यांस फारशी किंमत दिली नाहीं. आमच्या मतें दोघांचीहि चूक एकच: साक्षीदार सर्वस्वीं खरा किंवा सर्वस्वीं खोटा असला पाहिजे, असें त्यांनीं धरलें. ज्या गोष्टीसाठीं लोकांनीं थिएटराच्या दारापर्यंत यावयाचें ती, म्हणजे स्थळ, तारीख व दर, विक्रेता सहसा चुकीची सांगत नाहीं. कारण त्यांत त्याचेंच नुकसान असतें. ज्या गोष्टीनें लोकांनीं भुलावयाचें, तेथें मात्र त्याची लेखणी मोकळी सुटते. तेव्हां 'पुंडलिक' आधीं दाखविला गेला, एवढें त्या जाहिरातीनें निःसंशय सिद्ध होतें. रंगभूमीवरील नाटक कॅमेऱ्यानें टिपलें असतां त्यास चित्रपट म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न जाहिरातीस विचारण्यांत अर्थ नाहीं. त्याचें उत्तर आपणांसच द्यावें लागेल.

आतां चित्रांकडे वळूं. अक्षरांचा खोटेपणा हिशेबानें पकडतां येतो. चित्राचा पकडण्यास डोळा तयार करावा लागतो. अमेरिकेंत चित्रपटांच्या आरंभीं शिळाछापाचे कारखानदार ठराविक भित्तिपत्रकें आगाऊ छापून ठेवीत आणि खेळाच्या नांवापुरती जागा कोरी सोडीत. सर्कशींचा व फिरत्या नाटक मंडळ्यांचा हा जुना प्रघात होता. पुढें प्रत्येक चित्रपटासाठीं स्वतंत्र चित्र होऊं लागलें, तरी काटकसर सुटली नाहीं. वॉर्नर ब्रदर्सचा 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) घ्या. त्याच्या भित्तिपत्रकावर हंफ्री बोगार्टचे केस कानांच्या वर अगदीं बारीक कापलेले दिसतात. चित्रपटांतील गुप्तहेराचे ते तसे नाहींत. ती केशरचना त्याच सालच्या 'हाय सिएरा' मधील दरोडेखोराची! तसेंच 'लेडीज ऑफ द कोरस' हा १९४८ चा चित्रपट १९५२ सालीं पुन्हा बाजारांत आणला, तेव्हां मधल्या काळांत प्रसिद्धि पावलेल्या मेरिलिन मन्‍रोचें नांव सर्वांच्या वर चढलें. साल न छापलेलें भित्तिपत्रक हातीं आलें, तर नांवांचा हा क्रमच त्याचें वय सांगून जातो.

कधीं कधीं तर चूक हाच एकमेव पुरावा राहतो. 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) च्या एका आगाऊ जाहिरातींत प्रमुख नट म्हणून बेला लुगोसीचें नांव आहे आणि डोळ्यांतून किरण सोडणारा प्रचंड राक्षस शहर तुडवीत चालला आहे. प्रत्यक्ष चित्रपटांत लुगोसी नाहीं, तो राक्षस नाहीं आणि तें शहरहि नाहीं. राक्षसाचें काम केलें बोरिस कार्लॉफनें. पण हें खोटें चित्र म्हणजे मोडलेल्या बेताचें खरें चित्र होय.

यावर कोणी म्हणेल, हा सर्व रिकामपणाचा उद्योग आहे. 'क्रॅकाटोआ, ईस्ट ऑफ जाव्हा' असें नांव घेऊन एक चित्रपट १९६८ सालीं निघाला आणि तो ज्वालामुखी जावाच्या पश्चिमेस आहे, म्हणून जगाचें काय बिघडलें? कांहीं नाहीं, हें खरें. पण बिघडतें तें आपल्या घरीं. 'राजा हरिश्चंद्रा'चे जे दोन-एक भाग शिल्लक आहेत ते मूळचे नसून फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हा केलेल्या 'सत्यवादी राजा हरिश्चंद्रा'चे असावेत, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. असें असूनहि त्यांतील चित्रें '१९१३' अशा मथळ्याखालीं पुस्तकामागून पुस्तकांत छापलीं जातात. बोगार्टचे जुने केस नव्या चित्रपटास चिकटविणारा आणि १९१७ ची तारामती १९१३ म्हणून छापणारा, या दोघांत फरक एवढाच कीं, पहिल्यानें तिकिटें विकण्यासाठीं तें केलें. आपण तें इतिहास म्हणून करितों.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. घरांतील जुन्या पेटींत सिनेमाचें एखादें हस्तपत्रक सांपडलें, तर चित्र सुबक दिसावें म्हणून त्याच्या कडा कापूं नयेत. छापखान्याचें नांव, थिएटर, वार आणि दर हीं बहुधा त्या कडेलाच असतात. आणि सबंध कागदांत खरें बोलणारी जागा पुष्कळदां तेवढीच असते.