गलबतांपासून ड्रोनांपर्यंत

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फ्रिस्को नावाचे शहर आहे. मराठी कुटुंबांची तेथे आता मोठी वस्ती आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये विंग या कंपनीने फ्रिस्को व शेजारच्या लिटल एल्म येथे ड्रोनद्वारे औषधे व आइस्क्रीम घरपोच देण्यास आरंभ केला. अनेक यंत्रे एकाच आकाशात उडत असता परस्परांवर आदळू नयेत, म्हणून प्रत्येकाचा मार्ग संगणक आखतो. एकच चालक अनेकांवर देखरेख ठेवतो.

शत्रूचे ड्रोन ड्रोनांनीच अडविणे ही याच गणिताची उलटी बाजू होय. तेथे भेट टाळावयाची नसून घडवून आणावयाची असते, आणि कोणते लक्ष्य कोणी घ्यावयाचे हे क्षणात ठरवावे लागते.

हा प्रश्न नवा नाही. 1940 साली जर्मन विमाने ब्रिटनवर चालून आली, तेव्हा डाउडिंग यांनी उभारलेली व्यवस्था कामी आली. रडारच्या खबरा प्रथम बेंटली प्रायरी येथील दालनात चाळल्या जात. एकाच टोळीच्या दोन खबरा आल्या असल्यास त्या एक केल्या जात. मग मोठ्या नकाशावर खुणा सरकत व कोणत्या तुकडीने उडावयाचे ते ठरे. त्यामुळे थोडकी विमाने उगाच आकाशात घिरट्या घालीत राहिली नाहीत. (आपल्या अलिबागेच्या किनाऱ्यावर आंग्र्यांची लहान गलबतेही एकेकटी लढत नसत, मोठ्या जहाजाला ती मिळून पिछाडीने गाठीत.)

2024 च्या 13 एप्रिलच्या रात्री इराणने सुमारे 170 ड्रोन इस्राएलवर सोडले. ते पोहोचावयास कित्येक तास लागणार होते. ती रात्र आपणांपैकी अनेकांनी जागून काढली. ते ड्रोन विमानांनी व क्षेपणास्त्रांनी वाटेतच पाडले, परंतु स्वस्त ड्रोनवर महागडे अस्त्र किती काळ खर्चावयाचे? युक्रेनने या प्रश्नाचे उत्तर म्हणून छोटे, स्वस्त अडवणारे ड्रोन मोठ्या संख्येने वापरात आणले. अशी यंत्रे गटाने उडवावयाची, तर प्रत्येकाने आपले अंतर व उरलेली शक्ती इतरांना कळवावी आणि सोयीच्या यंत्राने लक्ष्य घ्यावे, ही एक रीत आहे. एकाचा नेम चुकला तर दुसऱ्याने ते काम उचलावयाचे. शत्रूने रेडिओ-संदेश बुजविले की मात्र ही बोलणीच तुटतात, आणि खरी अडचण तीच आहे.

लक्ष्य हातातून निसटले की काय होते, हे त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला दिसले. लेबनॉनकडून आलेल्या दोन ड्रोनांपैकी एक पाडला गेला. दुसऱ्याचा पाठलाग झाला, परंतु तो रडारवरून नाहीसा झाला. भोंगा वाजला नाही. बिन्यामिनाजवळच्या लष्करी तळावर जवान भोजनास बसले असता तो तेथे आदळला व चौघे जवान मृत्युमुखी पडले. चौघेही 19 वर्षांचे होते.