वाट कोणाची? माउंट टॅमवरील सायकली आणि श्रमदानाचा इतिहास

१/ डोंगरातील वाट कोणाची? जो आधी चालला त्याची, की जो तिची निगा राखतो त्याची? सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यातील माउंट टॅमल्पायस या डोंगरावर हा प्रश्न माउंटन बाइकच्या जन्मापाठोपाठ उभा राहिला. त्या वादाचा आणि त्यातून घडलेल्या शिस्तीचा हा धागा. 🧵

२/ २१ ऑक्टोबर १९७६. फेअरफॅक्स गावाजवळ, वणवा विझवण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यावर काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकलींची उतारावरची शर्यत लावली. सुमारे ३ किलोमीटरांत जवळपास ४०० मीटरांचा उतार! पॅडल उलटे दाबून लागणारा ब्रेक इतका तापे, की मागच्या हबमधील ग्रीस जळून जाई आणि नव्याने भरावे लागे. त्यावरूनच रस्त्याचे नाव पडले ‘रिपॅक’.

३/ चार्ली केली, गॅरी फिशर आणि जो ब्रीझ ही याच वर्तुळातील नावे. १९७७ मध्ये ब्रीझने खास डोंगरासाठी सांगाडा बनवला. १९७९ मध्ये केली व फिशर यांनी ‘माउंटनबाइक्स’ हा व्यवसाय उभारला. १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यातून बाजारात आली. मूठभरांचा छंद पाहता पाहता हजारोंचा झाला.

४/ परंतु डोंगर काही बेवारस नव्हता. ‘टॅमल्पायस कॉन्झर्व्हेशन क्लब’ या पदभ्रमण करणाऱ्यांच्या संस्थेची स्थापना १९१२ ची. तिच्या सदस्यांनी दशकानुदशके कचरा वेचला, वाटा दुरुस्त केल्या, डोंगर राखीव उद्यान व्हावा म्हणून झगडा दिला. त्यांचा हक्क कागदावरचा नव्हता. तो श्रमातून आला होता. सायकलस्वार त्यांना उपरे वाटले, यात नवल नाही.

५/ तक्रारी खऱ्याही होत्या : आंधळ्या वळणावरचा वेग, बुजणारे घोडे, घसटलेल्या वाटा. परिणामी टॅमच्या पाणलोट क्षेत्रातील अरुंद पाऊलवाटा सायकलींना बंद झाल्या. कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची आणि आंधळ्या वळणावर ५ मैलांची मर्यादा आली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने आपल्या अखत्यारीतील संरक्षित ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रांत सायकलींवर स्पष्ट बंदी घातली.

६/ वाट बिघडते कशी? तिचा खरा शत्रू चाक नव्हे, तर वाहते पाणी. मात्र करकचून ब्रेक दाबला की अडकलेले चाक मातीत चर पाडते आणि पुढच्या पावसात तोच चर ओहोळ होतो. चिखल टाळण्यासाठी लोक कडेने जातात आणि वाट रुंदावत जाते. म्हणूनच ओल्या वाटेवर सायकल न नेणे हा पहिला संयम.

७/ १९९४ मध्ये मोंटानातील वाटांवर केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पाऊल आणि टाप यांमुळे चाकांपेक्षा अधिक माती सुटी होते. सायकलस्वारांना दिलासा मिळाला, पण वाद मिटला नाही. कारण प्रश्न केवळ मातीचा नव्हता, विश्वासाचा होता. आणि विश्वास आकडेवारीने मिळत नाही.

८/ उत्तराचा आरंभ त्याआधीच, १९८८ मध्ये झाला होता. कॅलिफोर्नियातील पाच सायकल क्लबांनी मिळून ‘इंटरनॅशनल माउंटन बाइसिकलिंग असोसिएशन’ स्थापन केली. तिचे सहा नियम प्रसिद्ध आहेत : खुल्या वाटेवरच जा, मागे खूण ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, इतरांना वाट द्या, प्राण्यांना घाबरवू नका, पूर्वतयारी करा. पादचारी आणि घोडेस्वार आधी. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची.

९/ नियमांइतकीच महत्त्वाची ठरली अवजारे. मराठीत आपण ज्याला श्रमदान म्हणतो, ते या चळवळीचे बळ ठरले. एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळ असलेले ‘पुलास्की’ हे वणवा विझवणाऱ्यांचे अवजार सायकलस्वारांच्या हाती आले. १९९७ पासून संघटनेची फिरती पथके ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांना वाट बांधण्याचे शास्त्र शिकवू लागली.

१०/ त्या शास्त्राचे सार असे : वाट सरळ उतारावर नको, डोंगराला बिलगून आडवी न्यावी. तिचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. बाहेरची कड किंचित खाली ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी आडवे निघून जाते. मधूनमधून वाटेला हलका उलटा चढ द्यावा. एकदा नीट बांधलेली वाट पुढची कित्येक वर्षांची डागडुजी वाचवते.

११/ मग टॅमवर सायकलस्वार जिंकले का? नाही. इतरत्र अनेक ठिकाणी श्रमदानाने दारे उघडली. पण ज्या डोंगरावर हा खेळ जन्मला, तेथील बहुतेक पाऊलवाटा दीर्घकाळ बंदच राहिल्या. पहिल्या दशकात गमावलेला विश्वास परत मिळवायला एक पिढीही अपुरी पडली.

१२/ इतिहास शर्यतींच्या तारखा आणि विजेत्यांची नावे जपतो. पावसाळ्याआधी चर मोकळे करणाऱ्यांची नावे क्वचितच नोंदवली जातात. तरीही वाट टिकते ती त्यांच्यामुळे. पुढच्या वेळी एखादी पाऊलवाट पावसानंतरही शाबूत दिसली, तर समजावे : येथे कोणीतरी कुदळ चालवली आहे.

(समाप्त)