तोडीचा ऋतू आणि वनस्पतींची नोंद

सह्याद्रीतील जंगलतोडीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास वनखात्याच्या कार्ययोजना व महसुली दप्तर यांच्याबरोबरच जुने वनस्पतिग्रंथ हेही एक साधन म्हणून उपलब्ध आहे. अमुक वनस्पती १८६१ च्या ग्रंथात आढळत नाही, पुढील ग्रंथात मात्र आढळते; अर्थात मधल्या काळात रान उघडे पडल्यामुळे ती पसरली असावी, असा तर्क करण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु हा तर्क करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. नोंद करणारा त्या रानात कोणत्या महिन्यात गेला होता?

मुंबई इलाख्यातील आरंभीचे वनस्पतिसंशोधक बहुतांशी सरकारी अधिकारी होते, आणि त्यांतील काही प्रमुख तर वनाधिकारीच होते. दापोडी येथील सरकारी वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये इलाख्याचे वनसंरक्षक झाले. ज्यांच्यासमवेत त्यांनी १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, ते डॅल्झेल हेही पुढे त्याच पदावर होते. टॅल्बट हे वनखात्यातील अधिकारी. त्यांच्या १८९४ च्या सूचीच्या शीर्षकातच वृक्ष, झुडपे व काष्ठमय वेली एवढाच विषय सांगितलेला आहे. मृदुकाय वनस्पतींना तेथे प्रवेशच नव्हता.

वनाधिकाऱ्याची फिरती पावसाळा संपल्यावर सुरू होई. ओढे उतरले, गाडीवाटा सुकल्या, म्हणजे कूप तोडण्यास घ्यावयाचे आणि पुढील पावसाच्या आत माल बाहेर काढावयाचा, हा क्रम होता. भाताच्या राबासाठी टाहळ तोडण्याचा काळही कोरडाच. म्हणजे तोड आणि पाहणी या दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत पडत. माघ-फाल्गुनात तोडलेल्या कुपात उभ्या असलेल्या माणसास काय दिसणार? बुंध्यांचे खुंट, करपलेले गवत, कडेला निष्पर्ण पळस, पांगारा व सावर यांचा तांबडा बहर. ज्या सागासाठी हा सारा खटाटोप, तो सागसुद्धा पावसाळ्यात फुलतो!

त्याच कुपात पहिल्या पावसानंतर गेल्यास चित्र अगदी निराळे दिसते. साग व ऐन यांच्या खुंटांना धुमारे फुटतात. पूर्वी छायेत असलेल्या जमिनीवर ऊन पडू लागते. शेवळाचे फूल तर पान येण्याच्या आधीच वर येते, आणि डोंगरातील लोक ते भाजीसाठी खुडून नेतात. मागून रानहळद, मुसळी, जमिनीवरील आमरी यांचा क्रम लागतो. यांपैकी बहुतेकांची पाने थंडीत सुकून जातात आणि जमिनीखाली कंद तेवढा उरतो. कार्तिकानंतर आलेल्या निरीक्षकाला तेथे काहीच नाही असे वाटले, तर त्यात त्याच्या प्रामाणिकपणाला बाध येत नाही. परंतु त्याची नोंद अपुरी राहते.

कारवीचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. डोंगरउतार व्यापून टाकणारी, झोपड्यांच्या कुडांसाठी दरवर्षी तोडली जाणारी ही वनस्पती साधारणतः सात वर्षांनी एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते आणि बी धरून मरते. नमुन्याला फूल हवे असते. म्हणून जी सर्वांत विपुल तिचेच नमुने बहुतेक वर्षी मिळत नाहीत. केवळ नमुन्यांच्या संख्येवरून तिचे रानातील प्रमाण ठरविणे म्हणजे जन्मनोंदीवरून गावचे वय ठरविण्यासारखे होय.

नमुन्यांचे कागद तरी महिना सांगतात काय? क्यू येथील जुन्या संग्रहातील कित्येक चिठ्ठ्यांवर ‘मलबार, कोकण इत्यादी, स्टॉक्स, लॉ इत्यादी’ एवढाच मजकूर छापलेला आहे. त्यात गाव नाही आणि तिथीही नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर क्यू येथे बसून आपला ग्रंथ रचला (१९०१-१९०८), तेव्हा त्यांच्यापुढे असे कागदही होते. फुलोऱ्याचे महिने ते शक्य तेथे देतात, ही त्यांची मोठीच कामगिरी आहे. परंतु ठिकाणांची यादी वाचताना खंडाळ्याचे नाव वारंवार भेटते. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि भर पावसात खंडाळ्यास जाणे सुलभ झाले. आतल्या डोंगरांतील कुपांना ही सोय नव्हती. तेव्हा पावसाळी वनस्पतींचे ज्ञान लोहमार्गाच्या आसपास एकवटले आणि तोडीच्या रानांचे ज्ञान कोरड्या ऋतूत अडकून पडले, असे मानावयास जागा आहे. फादर सांतापाव यांचा खंडाळ्यावरील ग्रंथ (१९५३) एकाच ठिकाणी पुन:पुन्हा जाऊन काय साधते ते दाखवितो. पण तेही ठिकाण खंडाळाच.

कुक यांच्या ग्रंथात प्रत्यक्ष पाहिलेल्या नमुन्यासाठी संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह आहे. त्या नावांत कानिटकर आहेत, आणि नुसता ‘भिवा’ही आहे. साहेबांची फिरती संपल्यावर, ओल्या दिवसांत, डोंगरात कोण जात होते, याचा शोध घ्यावयाचा झाल्यास तो या एकेरी नावापासून सुरू करावा लागेल.