डोंगराने घडवलेली माल्बेक

रेड वाइनची चव द्राक्षाच्या जातीवर ठरते, असं आपण सहसा धरून चालतो. पण माल्बेकची गोष्ट ऐका. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, सर्व्हर बदलला आणि आउटपुटच वेगळा!

माल्बेक मूळची नैऋत्य फ्रान्सची. बोर्दोमध्ये तिचं काम काय, तर दुसऱ्या वाइनमध्ये मिसळून रंग वाढवायचा. १८५३ मध्ये अर्जेंटिनातल्या मेंदोसात सार्मिएंतो या नेत्याच्या आग्रहाने शेतीशाळा काढायचं ठरलं. तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. तिथे मिशेल पूजे या फ्रेंच तज्ज्ञाने आपल्या देशातल्या वेली आणल्या, त्यात माल्बेकही होती.

इकडे फ्रान्समध्ये आधी फिलॉक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केले. मग १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत बोर्दोतली बरीचशी माल्बेक मेली. पण अर्जेंटिनात तरी तिची कदर कुठे होती? स्वस्त वाइनचा धंदा बसला, तसे माल्बेकचे जुने मळे उपटले गेले.

१९९२ मध्ये निकोलास कातेना यांनी उलटी वाट धरली. अँडीजच्या पायथ्याशी ग्वालतायारीत, सुमारे १,४५० मीटर उंचीवर त्यांनी मळा लावला. इतक्या थंडीत द्राक्षं पिकणारच नाहीत, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. ती पिकली, आणि झकास पिकली!

का? उंचावर अतिनील किरण प्रखर असतात. त्यांच्यापासून बचाव म्हणून द्राक्षाच्या सालीत रंगद्रव्यं आणि टॅनिन वाढतात. मेंदोसातल्या संशोधकांनी प्लास्टिक लावून हे किरण अडवले, तर सालीतली रंगद्रव्यं कमी झाली. शिवाय रात्री पारा झपकन उतरतो, त्यामुळे आंबटपणा टिकतो. म्हणून ही वाइन गडद असूनही जिभेवर जड वाटत नाही. जे हवामान वेलीला छळतं, तेच तिला चेहरा देतं.

आता खरी गोम पाण्याची. मेंदोसात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मळे जगतात ते अँडीजच्या वितळलेल्या बर्फावर. ते पाणी कालव्यांनी फिरवण्याची सुरुवात स्पॅनिश लोक येण्याआधीच तिथल्या वार्पे लोकांनी केली होती. पण २०१० नंतर तिथे बरीच वर्षं बर्फ कमी पडला. उन्हाळा वाढला तर मळा आणखी वर नेता येईल. पण वरचा बर्फच आटला, तर कुठे नेणार?