शेव्याचे तिवर आणि भूमीचे विष

न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर घारापुरीचा डोंगर दिसतो. त्या डोंगरात शिवाची लेणी आहेत, आणि शिव म्हटला की आम्हांस हलाहलाची कथा आठवते. शंकराने विष पचविले असे आपण सहज बोलून जातो. पण कथेत तर त्याने ते कंठात धरून ठेवले आहे. झाडे लावून कारखान्यांनी नासलेली जमीन शुद्ध करता येते असे हल्ली पुष्कळदा ऐकू येते, तेव्हा हा भेद ध्यानी ठेवलेला बरा.

ही विद्या अगदी कालची नव्हे. जर्मनीतील आखेन शहरानजीकच्या जस्तयुक्त जमिनीत वाढणाऱ्या रोपट्यांच्या अंगी जस्त साठलेले असते, हे बाउमान यांनी १८८५ साली दाखविले. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा चीक निळसर हिरवा असतो आणि तो वाळविला तर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निव्वळ निकेल भरते, असे १९७६ साली प्रसिद्ध झाले. तोही एक नीलकंठच म्हणावयाचा! परंतु असे धातू पिणारे वृक्ष विरळा. बहुतेक झाडे धातूला मुळापाशीच थोपवितात.

आमच्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधनसंस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीवर जे केले ते पाहण्याजोगे आहे. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे ढिगारे म्हणजे मातीचे नुसते सोंग. त्यात कस नाही, जीवजंतू नाहीत. तेथे साखर कारखान्यातील मळी मिसळली, नत्र पुरविणारे जिवाणू आणि मुळांशी सख्य करणारी बुरशी घातली, आणि मग साग, शिसू, कडुनिंब यांसारखी झाडे लावली. ती जगली. आधी माती घडवावी लागली, रोपे मागाहून आली; वृक्षारोपणाच्या समारंभात फीत कापणाऱ्यांना हा क्रम सहसा ठाऊक नसतो.

शेव्याच्या खाजणात मात्र असे काम तिवरांनी कोणी न सांगता चालविले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० नंतर कारखाने वाढले. पुढे तळोज्याचे झाले. तळोज्याजवळून वाहणारी कासाडी पनवेलच्या खाडीला मिळते, आणि भरतीओहोटी सारे पाणी या चिखलांवर फिरवून आणते. तिवरांच्या मुळांत गाळ अडतो. त्या काळ्या चिखलात हवा नसते. तेथील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील गंधकाचे असे रूप करतात की जस्त, शिसे, तांबे त्याच्याशी जखडून बसतात. धातू नाहीसे होत नाहीत, केवळ निजतात. तो चिखल उपसून हवेवर टाकला की गंधकाचे बंधन सुटते आणि धातू पुन्हा पाण्यात उतरतात.

येथेच आमचा आक्षेप आहे. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. देशाला बंदर हवे होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण एका ठिकाणचे तिवर तोडले आणि दुसरीकडे तितकीच रोपे लावली की हिशेब मिटला, असे जे समजले जाते, ते आम्हांस मान्य नाही. नवे रोप जुन्या चिखलाची राखण करीत नाही. शिवाय तिवराच्या सोसण्यालाही सीमा आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी शेव्याहून निघालेल्या ‘एमएससी चित्रा’ जहाजाची ‘खलिजिया’शी टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडले, आणि उरण-घारापुरीपर्यंतच्या तिवरांवर त्याचा लेप चढला. चिखलातून वर आलेल्या मुळांनी तिवर श्वास घेतो. त्यांचीच छिद्रे तेलाने बुजली, तर तो दुसऱ्याचे विष काय धरणार?

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकालाने तिवरांच्या तोडीला आळा घातला. मधल्या काळात उरणचे कोळी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे उभे राहिले होते. बंदराच्या भरावाने भरतीचे पाणी अडले आणि मासळीच्या पैदाशीच्या जागा गेल्या, ही त्यांची तक्रार. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लक्ष रुपये देण्याचा आदेश झाला.