डॉर्टची धर्मसभा

14 जानेवारी 1619. हॉलंडमधलं डॉर्ड्रेख्त. देव कुणाला तारतो, या वादावर भरलेल्या प्रोटेस्टंट धर्मसभेत तुम्ही प्रेक्षकांच्या गर्दीतून वाट काढत शिरता. इंग्लंडहून, जिनिव्हाहून, जर्मन संस्थानांतून आलेले पंडित बसलेत. फ्रेंच पाळकांचं बाक रिकामं आहे. त्यांच्या राजाने त्यांना येऊ दिलं नाही. मधल्या टेबलाशी वेगळ्या मताचे धर्मशास्त्रज्ञ सायमन एपिस्कोपियस आणि त्यांचे सोबती, आरोपींसारखे. वाद सगळा लॅटिनमधून.

कृपेवाचून तारण नाही, हे एपिस्कोपियसना मान्यच आहे. पण ती कृपा माणूस नाकारू शकतो, आणि कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून देवाने तारणासाठी निवड केली, असं त्यांचं म्हणणं. समोरच्यांच्या मते विश्वासच मुळी देवाचं दान. निवड जगाच्या उत्पत्तीआधीच झाली, कुणाची लायकी न बघता.

अध्यक्ष बोगरमन यांचा आवाज चढतो. खोटेपणाचा ठपका ठेवून ते या मंडळींना चालतं व्हायला सांगतात. न्याय देवच करील, असं म्हणत एपिस्कोपियस निघतात.

आता 6 मे. मोठ्या चर्चमध्ये ठराव वाचले जाताहेत. एक कलम कान देऊन ऐका: तान्हेपणी दगावलेल्या लेकरांच्या निवडीविषयी श्रद्धावंत आईबापांनी शंका धरू नये. पाळणे रिकामे होणं घरोघरचं होतं, त्या काळातलं हे कलम. मला ते साऱ्या ठरावांत सर्वांत मायेचं वाटतं. शेजारी उभ्या असलेल्या बाईने असं मूल पुरलं असेल, तर तिला हे लॅटिन कळणार नाही. कुणीतरी तिच्या बोलीत सांगायला हवं, आजच.

आणखी एक कलम आहे. अविश्वासाचा आणि इतर सगळ्या पापांचा दोष देवाकडे नाही, माणसाकडेच आहे. सगळं आधीच ठरलंय, मग माणूस मोकळा, असं ही सभा कुठेही म्हणत नाही. तिला दैववादी ठरवून मोडीत काढणं अन्यायाचं आहे.

13 मे, हेग. बिनेनहॉफच्या आवारात वधाचा चौथरा. एपिस्कोपियसच्या पक्षाला पाठीशी घालणारे 71 वर्षांचे मुत्सद्दी ओल्डनबार्नव्हेल्ट वर चढतात. खास नेमलेल्या 24 न्यायाधीशांनी त्यांना देहदंड दिलाय. माफी मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, म्हणून घरच्यांनी अर्ज केला नाही. अर्जाविना, देशाची सूत्रं हाती असलेल्या राजपुत्र मॉरिसनेही शिक्षा थांबवली नाही.

गर्दीत कुणी म्हणेल, देवाचीच इच्छा. त्याला तिथेच अडवा. पापाचं खापर देवावर फोडायचं नाही, हे आठवड्यापूर्वीच वाचून दाखवलंय. तलवार रोखणं मॉरिसच्या हातात होतं.